पानामागचे दोरे

२२ नोव्हेंबर

ठकू,

आशीर्वाद मागाहून. आधी खोक्यात काय आहे ते लिहितो, म्हणजे उघडताना गोंधळ नको.

एक दुपटं, पांढरं, चारी बाजूंनी दोन बोटं रुंद किनार. दोन झबली, एक बाह्यांचं आणि एक बिनबाह्यांचं. बिनबाह्यांच्या झबल्याची बटणं लाकडाची आहेत. ती मी तासली, कानशीने घासली आणि कडा स्वतःच्या गालावर फिरवून पाहिल्या. तीन टोपडी, तीन मापांची, कारण डोकं किती भराभर वाढतं ते तुझ्या वेळी पाहिलंय. पायमोज्यांचे चार जोड, टाच वळवून घेतलेले. बाजारात मिळतात तसे सरळ पिशवीसारखे नाहीत. आणि हातमोज्यांचा एक जोड, पांढऱ्यावर निळं पान. त्याला अंगठा नाही म्हणून अपुरं राहिलं असं समजू नकोस. तान्ह्या बाळाच्या हातमोज्याला अंगठा नसतो, नुसती थैली असते. नखांनी तोंड ओरबाडून घेऊ नये एवढंच त्याचं काम.

सगळं माझ्या हातचं आहे. पानाचा नमुनाही माझा, कुठल्या पुस्तकातला नाही. चौकटीच्या कागदावर आठवडाभर पानं काढली आणि खोडली, तेव्हा हे एक बसलं. हातमोजा उलटा करून आतली बाजूही बघ. दोन रंगांत विणताना ज्या रंगाची पाळी नसते तो दोरा मागून जातो, आपली पाळी येईपर्यंत. लोक तो मध्ये मध्ये टाक्यांत अडकवून घेतात. पण तसं केलं की पुढच्या बाजूला पानाच्या निळ्यात पांढरा ठिपका डोकावतो. माझ्या कामात डोकावत नाही, कारण मी मध्ये अडकवतच नाही. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा सरळ जातो. एकाखाली एक, सगळे सारख्या ताणाचे. आखून काढल्यासारखे.

तुझ्या नवऱ्यालाही दाखव. त्याच्या भाषेत हा माझा टाइमपास. तो शब्द भर जेवणात, चार माणसांत उच्चारला गेला होता, आणि ताटावरून उठलो तो मी होतो, त्यामुळे दोष माझा ठरला. पुढे मी त्याच्या, दुकानातून आणलेल्या, स्वेटरातल्या अकरा चुका लिहून पाठवल्या, ते तुला झोंबलं. ठीक आहे. पण अकरा होत्या की नव्हत्या, ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

बाळाची बातमी मला आत्याकडून कळली. मागच्या वर्षीची शाल न उघडता परत आली होती, खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा जशीच्या तशी. हे खोकं परत करायचं असेल तर कर, पण वस्तू माझ्यासाठी नाहीत एवढं लक्षात घे.

मी बरा आहे. शिलाई मशिनांची दुरुस्ती चालू आहे. बुधवारी दुपारी दुकान बंद ठेवतो आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत विणकामाच्या मंडळात जातो. तुला हे माहीत नाही, म्हणून सांगतो. तिथल्या मशिनची दोरी बदलायला गेलो होतो. कोपऱ्यात एक म्हाताऱ्या बाई न बघता विणत बसल्या होत्या. मी म्हटलं, तुमचा खालून सातव्या ओळीत टाका गळलाय. त्या म्हणाल्या, मग उचला की, नुसते मोजताय काय. तेव्हापासून जातोय. त्यांना सगळे मावशी म्हणतात. मला मास्तर म्हणतात. का म्हणतात ते तू ओळखशील.

मंडळातल्या सिस्टर प्रसूतिगृहात काम करतात. त्यांच्यामार्फत आम्ही तिथल्या बाळांना हातमोजे देतो. माझ्याच पानाचे. हिवाळा सुरू झाल्यापासून तीसएक जोड गेले.

बाळंतपण जपून कर.

तुझा बाप

&nbsp;

३ डिसेंबर

ठकू,

खोकं पोचलं असेल. घाईत लिहितो, कुरियरवाला लवकर बंद करतो.

हातमोजे बाळाला घालू नकोस. निळ्या लोकरीचा रंग सुटतो असं आढळलं आहे. बाकी सगळं निर्धास्त वापर. हातमोजे तेवढे बाजूला ठेव किंवा टाकून दे. टाकून दिलेस तर मला राग येणार नाही.

फोन करून पाहिला. माझ्या नंबरावरून तुला लागत नाही, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे, तरी केला. तुझ्या नवऱ्याचा नंबर मी त्या वेळीच खोडून टाकला होता.

आज मंडळात विशेष काही नाही. सिस्टर उशिरा आल्या. चहा गार झाला.

बाप

४ डिसेंबर, सकाळ

कालचं पत्र टाकलं नाही. कुरियरच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. खोटं पत्र कुरियरने पाठवायला पैसे कशाला घालवायचे.

रंग सुटत नाही. मी ती लोकर आधी तीनदा भिजवून घेतो, रंग सुटायची काय बिशाद. झालंय ते वेगळं.

आमच्या मंडळाची एक पद्धत आहे, ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. दर बुधवारी पहिला अर्धा तास आम्ही आपापलं काम शेजारणीच्या हातात देतो आणि तिचं आपण विणतो. मावशींनी सुरू केलेलं आहे. कुठलीच वस्तू एकीची राहू नये, रुसवेफुगवे होऊ नयेत, म्हणून. मला सुरुवातीला ते अजिबात पसंत नव्हतं. एका मोज्यात चार हातांचे चार ताण, म्हणजे एका भिंतीला चार गवंडी. पण सवय झाली.

तर काल सिस्टर उशिरा आल्या त्या बाकावर बसल्याच नाहीत. पिशवीतून एक हातमोजा काढून टेबलावर ठेवला. आमचाच, निळ्या पानाचा. कडेला कात्रीने कापलेला.

प्रसूतिगृहातलं एक बाळ सकाळपासून रडत होतं. दूध घेईना, मांडीवर राहीना. आईला वाटलं पोट दुखतंय. दुपारी सिस्टरांनी पुसायला म्हणून हातमोजा काढायला घेतला तर तो निघेना. पानामागच्या दोऱ्याखाली बाळाचं बोट गेलं होतं. बाळं मूठ वळतात, उघडतात, हात फिरवतात. प्रत्येक वेळी दोरा पिळला गेला. बोटाचं पेर जांभळं झालं होतं, जवळजवळ काळं. डॉक्टरांनी दोरा कापला. बोट राहील की पेर काढावं लागेल, हे अजून सांगता येत नाही म्हणतात.

हे पत्र मिळाल्याबरोबर, म्हणजे हे वाक्य वाचल्याबरोबर, बाळाच्या हातात ते मोजे असतील तर काढ. ओढू नकोस. अडकलं तर कापून काढ. मग एकेक बोट उजेडात धरून बघ.

बाप

&nbsp;

६ डिसेंबर

ठकू,

पत्र सोमवारशिवाय पोचणार नाही, असं कुरियरवाले म्हणतात. मी त्यांना म्हटलं, जास्तीचे पैसे घ्या. ते म्हणाले, काका, पैसे घेऊन सोमवार अलीकडे आणता येत नाही.

मग खोक्याच्या पावतीवरचा नंबर घेऊन पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंना विचारलं, ते परत मागवता येईल का. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, एकोणतीस तारखेला पोचलं, सही आहे. कुणाची, ते वाचता येत नाही, नुसती रेघ आहे. मी म्हटलं, बाईची वाटते का पुरुषाची. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीवर पुढच्याला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदाच मनात आलं की माझं खोकं परत यावं. न उघडता. पट्टीसुद्धा तशीच.

दुकानात लक्ष लागत नाही. काल एका मशिनची सुई उलटी बसवून दिली. गिऱ्हाईक परत आलं. आजवर असं झालेलं नाही.

तीच पांढरी लोकर मी माझ्या करंगळीला दोन वेढे घेऊन बांधली आणि मूठ वळत-उघडत काउंटरवर बसलो. किती वेळात काय होतं ते बघायला. आधी नुसतं गरम लागतं. मग ठसठसतं. मग बोट आपलं नाहीच असं वाटायला लागतं आणि दुखायचं थांबतं. ते थांबतं तिथे मी घाबरलो. दोरा काढायला गेलो तर तो कातडीत इतका रुतलेला की दिसेनाच, चाचपावा लागला. माझी लोकर चिवट आहे. तुटत नाही म्हणूनच मी ती निवडली होती. आणि माझं तर जाडजूड, घट्टे पडलेलं बोट. तुझ्या बाळाचं म्हणजे काडेपेटीतल्या काडीएवढं असेल.

अजून एक गोष्ट बुधवारच्या हकिगतीत लिहायची राहिली. राहिली म्हणजे लिहिली नाही.

सिस्टरांनी तो मोजा टेबलावर ठेवून विचारलं, हा कुणाच्या हातचा. रागाने नाही विचारलं. अदलाबदलीत तो चौघींच्या हातांतून गेलेला, तेव्हा खरं तर कुणालाच सांगता येऊ नये. पण टायपिस्टबाईंनी तो हातात घेतला. या आमच्यातल्या सगळ्यात अलीकडच्या. सरकारी कचेरीत टंकलेखनात आयुष्य गेलं, त्यामुळे बोटं जोरात आपटतात पण लोकर सैल सोडतात. त्यांना मोज्यात खाली आपल्या सैल ओळी दिसल्या आणि त्या म्हणाल्या, माझाच आहे, माझेच दोरे ढिले असतात, मास्तर किती वेळा सांगतात. असं म्हणून पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मोजा माझ्या हातात आला. त्यांच्या ओळी मनगटाजवळ होत्या. बोट अडकलं ते वर, पान जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे. तिथल्या ओळी सारख्या ताणाच्या होत्या. आखून काढल्यासारख्या. ठकू, हात ओळखण्यात माझी चूक होत नाही, आणि स्वतःचा हात तर झोपेतही ओळखेन.

मी काही बोललो नाही. मोजा खाली ठेवला आणि चहा घेतला. सगळ्यांना वाटलं, मास्तर मोठ्या मनाने गप्प राहिले.

टायपिस्टबाई आता विणणार नाही म्हणतात. सुया मावशींकडे देऊन गेल्या.

त्या पानाच्या मागे दोरा मोकळा सोडायचं मीच ठरवलं होतं. मावशींनी त्यांच्या जोडांना आतून मऊ कापडाचं अस्तर लावलं होतं. त्यांना बोटाबिटाचं काही सुचलं नव्हतं, लोकर टोचेल एवढंच म्हणाल्या. मी ते जोड परत केले होते. म्हटलं, गिलावा करताय का.

आत्ता आत्याला फोन करतो. तिला सगळं सांगावं लागेल. ती आयुष्यभर बोलून दाखवेल. दाखवू दे.

बाप

&nbsp;

९ डिसेंबर

ठकू,

तुझा निरोप मिळाला. "सगळं लिहून पाठवा म्हणते, रंगाबिंगाचं नको," एवढाच तुझ्या नवऱ्याने आत्याच्या फोनवर सांगितला. म्हणजे तीन तारखेचा कागदही पाकिटात गेला होता तर. मी तो फाडायला हवा होता. बरं. सगळं लिहितो, तुझ्या बाजूचं तुला माहीत असलेलंसुद्धा, कारण माझ्या बाजूने ते कसं झालं ते तुला माहीत नाही.

शनिवारी आत्याला सांगितलं. तिने आधी माझ्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "अरे, बाळ झालं की. बुधवारीच झालं. तुला सांगू नका म्हणाली होती ठकी, म्हणून नाही सांगितलं."

मी म्हटलं, ते राहू दे, मोजे.

तिने तुला फोन लावला, तुझा बंद. तुझ्या नवऱ्याला लावला, तो उचलेना. रविवारी दिवसभर तेच. मी तिच्या घरी जाऊन बसलो, तिच्या समोरच्या खुर्चीवर. ती म्हणाली, असा बघत बसू नकोस माझ्याकडे, मी काय फोन गिळलाय. मी म्हटलं, पुन्हा लाव. ती म्हणाली, बाळंतिणीच्या घरात फोन कोण उचलतं. मग दुपारी तिच्या फोनवर एक फोटो आला. तुझ्या नवऱ्याने पाठवलेला. खाली लिहिलं होतं, बाबांना दाखवा.

आत्याने चष्मा लावला आणि "अगं बाई, नाक तर अगदी वहिनीचं" असं म्हणून फोन माझ्याकडे दिला. मी नाक पाहिलं नाही. खरं सांगतो, चेहरा मी त्या वेळी पाहिलाच नाही. दुपट्यात गुंडाळलेलं होतं, माझ्या, दोन बोटं किनारीच्या. आणि दोन्ही हात वर काढलेले. निळं पान नीट समोर दिसेल असे वळवून ठेवलेले. कुणीतरी मुद्दाम, मला दिसावं म्हणून, तसे वळवले होते.

ज्याच्या स्वेटरातल्या अकरा चुका मी काढल्या, त्याने.

मी आत्याच्या फोनवरून त्याला लावला. पाचव्यांदा लागला. त्याने "हां आत्या" म्हटलं. मी म्हटलं, मी बोलतोय. तो गडबडला. म्हणाला, बाबा, तुम्ही, कसे आहात, फोटो पाहिलात का.

"हातमोजे काढ. आत्ता."

तो म्हणाला, का, काही चुकलं का घालताना. ठकू, त्या माणसाला वाटलं मी मोज्यातली चूक काढायला फोन केलाय. आणि का वाटू नये.

मी म्हटलं, आतल्या दोऱ्यात बोट अडकतं, तिकडे एका बाळाचं बोट जातंय, ओढू नकोस, उजवा आधी. त्याने फोन कुठेतरी ठेवला. मला चालण्याचा आवाज आला, दाराचा आला, तुझा आवाज आला, "काय झालं," आणि दोन वर्षांनी ऐकलेला तुझा तो पहिला शब्द मला त्या वेळी नको होता. मग बाळाचं रडं. आत्या माझा दंड धरून उभी होती. तिने नंतर दाखवलं, मी तिच्या सोफ्याच्या हाताचं कापड उपटलं होतं.

तो परत फोनवर आला. मी म्हटलं, बोटं बघ. एकेक.

"बघतोय," तो म्हणाला. "उजवी पाच. बरी आहेत." मग थांबला. "बाबा, डाव्याच्या करंगळीला एक दोरा आहे. वेढा बसलाय."

मी विचारलं, रंग काय. तो म्हणाला, दोऱ्याचा का. मी म्हटलं, बोटाचा.

"लाल आहे. काळं नाही. लाल आहे, बाबा."

मी त्याला सांगितलं, छोटी कात्री घे, बोथट टोक कातडीच्या बाजूला, दोरा आधी सैल कर, मग काप. तो म्हणाला, तुम्ही सांगत राहा. मी म्हटलं, सांगतोय, तू काप. नंतर टक असा आवाज आला, अगदी बारीक. लोकर कापल्याचा आवाज मी हजारदा ऐकलाय. तो फोनवर ऐकू येतो हे माहीत नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे. त्याने करंगळी तळहातात धरून ठेवली आणि थोड्या वेळाने सांगितलं, गुलाबी होतेय. मग तो रडला की हसला ते मला कळलं नाही. मी फोन आत्याला दिला आणि तिच्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

मंडळातला प्रत्येक तुकडा अर्धा तास तरी दुसऱ्याच्या हातात जातो, असं मी लिहिलं होतं. तुझ्या बाळाचा जोड मी जाऊ दिला नव्हता. घरी विणला, कपाटात ठेवला. सगळाच्या सगळा माझ्या हातचा व्हावा म्हणून. अर्धा तास मावशींनी घेतला असता तर त्यांनी सवयीने दोरा दोन-तीनदा तरी अडकवून घेतला असता. पुढे पांढरे ठिपके आले असते.

तू फोनवर आली नाहीस. बरोबर केलंस. करंगळी दोन दिवस उजेडात बघत राहा. नख निळसर दिसलं तर लगेच डॉक्टर.

तुझा बाप

&nbsp;

१९ डिसेंबर

ठकू,

करंगळीचा फोटो आत्याकडे पाहिला. या वेळी चेहराही पाहिला. नाक तुझ्या आईचंच.

"तुमच्या त्या बाईंचं काय झालं," असा प्रश्न तू आत्यामार्फत विचारलास. टायपिस्टबाईंचं. म्हणून लिहितो.

दहा तारखेच्या बुधवारी मी तासभर आधी जाऊन बसलो. टायपिस्टबाई येणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, मशिनचं तेल बघायला आलोय. त्यांच्याकडे मशिनच नाही. दोघंही दारात उभे राहिलो. शेवटी म्हटलं, उद्या या, माझं काम आहे. त्या आल्या, हात पदराखाली लपवून.

मी तो कापलेला मोजा उजेडात धरला आणि सगळ्यांना सांगितलं, खालच्या ओळी बाईंच्या, त्यात काही झालेलं नाही. बोट अडकलं त्या ओळी माझ्या. मागच्या बुधवारी मला हे दिसलं होतं. नमुना माझा, दोरा मोकळा सोडायचा हुकूमही माझा. मावशींचं अस्तर मी परत केलं. तेवढं बोलून खाली बसलो. मला वाटलं होतं आता सगळ्या उठून जातील.

कुणी उठलं नाही. सिस्टर म्हणाल्या, बोट वाचलं. नख पडेल, पेर राहील. आईला त्यांनी सगळं सांगितलंय, आणि ती अजून आमच्यापैकी कुणाचं तोंड बघायला तयार नाही. ते तिच्या जागी बरोबर आहे. टायपिस्टबाईंनी हात पदराबाहेर काढले. मग म्हणाल्या, "आठ दिवस मला जेवण गेलं नाही, मास्तर." त्यांनी मावशींकडून आपल्या सुया मागून घेतल्या. माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढं बोलतात.

मावशींनी लोकरीची लडी माझ्या दोन्ही हातांवर चढवली आणि गुंडा करायला घेतला. हे नव्या माणसाचं काम असतं, मी कधी केलेलं नाही. "धरा नीट," म्हणाल्या, "आणि आता आमच्या चुका काढायला तोंड उघडलंत तर हीच लडी गळ्यात घालीन." सगळ्या हसल्या. मीही हसलो असेन.

पण तीस जोड बाहेर होते. ते कुणाच्या घरी गेले ते कुणाला माहीत. रात्री अंथरुणावर पडलं की मला घरं दिसायची, न पाहिलेली, आणि त्यांत रडणारं बाळ आणि पोट दुखतंय म्हणून त्याला ओव्याचा शेक देणारी आई. सिस्टर म्हणाल्या, सगळी बाळं लस टोचायला आमच्या दवाखान्यातच येतात. मग आम्ही साधे, एका रंगाचे, आत काहीही नसलेले जोड विणायला बसलो. अदलाबदल, चहा, गप्पा सगळं बंद. सुयांचा आवाज तेवढा. टायपिस्टबाईंचे सगळ्यात जास्त झाले.

लसीच्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसलो. निळं पान द्या, साधा जोड घ्या. काही आयांनी ऐकताक्षणी बाळाच्या हातातून काढून फेकल्यासारखे दिले. पण काही देईनात. एक म्हणाली, इतके देखणे मोजे घेऊन हे पोतेरं देताय होय. दुसरी म्हणाली, आमच्या बाळाला काही होत नाही. मी तिच्यासमोर माझी करंगळी लोकरीने बांधून दाखवली. तिची आई मागून म्हणाली, दे गं, वेडा दिसतोय. तिने दिला. माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक कधी झालं नव्हतं आणि त्या दिवशी ते नको होतं. संध्याकाळपर्यंत सव्वीस जोड आले. चार बाहेर राहिले. सिस्टर घरी निरोप पाठवतायत. ते सगळे येईपर्यंत मला झोप नाही, हे उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

आणि काल दुकानात बाजारपेठेतला लोकरीचा व्यापारी आला. मोठं दुकान, तान्ह्या मुलांच्या कपड्यांचा कारखानाही आहे. त्याने काउंटरवर निळ्या पानाचा एक जोड ठेवला. बाहेरच्या चारांतला. कुठून आणला विचारलं तर हसला. म्हणाला, सगळा दवाखाना त्या दिवशी याच जोडाबद्दल बोलत होता, कोण देतंय, कोण देत नाही. असं गिऱ्हाईक मी तीस वर्षांत पाहिलं नाही. नमुना मला द्या. पाकिटावर नाव छापतो, मास्तरांचं पान.

मी कुणाकडे शिकलो नाही, ठकू. माझ्याकडे कसला दाखला नाही. माझं नाव आजवर विजेच्या बिलाखेरीज कुठे छापलेलं नाही. हे तुला सांगतो, कारण मी लगेच नाही म्हटलं असं वाटायला नको. मी त्याला विचारलं, दर तिसऱ्या टाक्याला दोरा अडकवून कराल का. तो म्हणाला, मशिनचा वेग पडतो, आणि पुढे ठिपका येतो. मी म्हटलं, मग आतून अस्तर. तो म्हणाला, भाव वाढतो. मी त्याला त्या बाळाचं बोट सांगितलं. आपल्या बाळाचंही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "पाकिटावर सूचना छापू की. लोक पुढची बाजू बघून घेतात, मास्तर. उलटून कोण पाहतं?"

मी तो जोड उचलला, बोटांकडचं टोक कात्रीने सोडवलं आणि उसवायला घेतलं. त्याला वाटलं मी भाव वाढवून मागतोय. तो चाळीस हजार म्हणाला. मी एक मोजा संपवला. तो साठ म्हणाला. दुसऱ्या मोज्याचं पान देठापर्यंत आलं तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली, चेकबुक काढलं आणि पंचाहत्तर हजार म्हणाला. पंचाहत्तर हजार, एकरकमी, शिवाय पाकिटावर नाव. मी नाही म्हटलं. आता तीन जोड बाहेर आहेत.

तुझा बाप